पाळणाघराची पाटी

उल्काबाई: बसा. फोटो कुणाचा हवाय म्हणालात?

भाग्यश्री: कैलासवासी उल्का जोगळेकर मॅडमचा. मोठा असला तर बरं, हार घालायचा आहे. तुम्ही त्यांच्या कोण जी?

उल्काबाई: जवळचीच. केव्हा गेल्या म्हणे त्या?

भाग्यश्री: तेच तर विचारायचं होतं. पाटीवर तारखेसाठी जागा सोडली आहे.

उल्काबाई: जागा सोडलीत ते बरं केलंत. मीच उल्का जोगळेकर.

भाग्यश्री: ना जी.

उल्काबाई: हो जी. बाहेर दारावर नाव वाचलं नाहीत?

भाग्यश्री: वाचलं. मला वाटलं, घरच्यांनी आठवण म्हणून राहू दिलं असेल.

उल्काबाई: पाणी घ्या. आणि उभ्या का राहिलात परत? मेलेल्या माणसासमोर उभं राहतात, जिवंत माणसासमोर बसलं तरी चालतं.

भाग्यश्री: माफ करा मॅडम. लई मोठी चूक झाली.

उल्काबाई: चूक नाही, अंदाज. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, कुणीही तोच अंदाज केला असता. थोडी घाई झाली, इतकंच. आता नीट सांगा. तुम्ही कोण, आणि माझ्या नावाची पाटी लागतेय कुठे?

भाग्यश्री: मी भाग्यश्री. भाग्यश्री इंगळे. मूळची कारंज्याची, वाशीम जिल्हा. इथं वाघोलीच्या पुढं छोट्या कारखान्यांची वसाहत आहे ना, तिथं गाडीच्या वायरी बांधायच्या कंपनीत आहे. वसाहतीतल्या बायकांची समिती आहे, तिची मी सेक्रेटरी. सगळ्या कारखान्यांचं मिळून एक पाळणाघर होऊन राहिलं. परवा उद्घाटन आहे. त्याला तुमचं नाव.

उल्काबाई: माझं का? पुण्यात नावं कमी पडली?

भाग्यश्री: विमलाबाई आहेत ना आमच्या शेजारी. त्यांच्या तोंडी सदा तुमचंच नाव. या भागात बायकांच्या कामासाठी आलेल्या पहिल्या लेडी फॅक्टरी इन्स्पेक्टर. जीपमधून उतरल्या की मॅनेजर चपला शोधायचा, म्हणतात.

उल्काबाई: जीप कुठली? पहिली आठ वर्षं एसटी होती. जीप पुरुष निरीक्षकांना. साहेब म्हणाले, बाईमाणूस जीपमध्ये एकटी ड्रायव्हरबरोबर बरी दिसत नाही. मी म्हटलं, पन्नास पुरुषांबरोबर एसटीत बरी दिसते का? त्यावर त्यांनी चहा मागवला.

भाग्यश्री: मग?

उल्काबाई: मग काय, चहा प्यायलो. भट्टीचे कारखानेही मला देत नव्हते. बॉयलर कळतो का तुम्हाला, असं विचारायचे. मी रविवारी एका कापडगिरणीत फोरमनकडे जाऊन शिकले. पुढे उपायुक्त म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात त्याच साहेबांनी सांगितलं, की मला बॉयलर त्यांनीच शिकवला. विमला म्हणजे कोण? गालावर तीळ असलेली?

भाग्यश्री: हो, हो. आता डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनीच सांगितलं, कर्वेनगरला त्यांचं घर होतं, जाऊन पाहा, कोणी असेल घरचं.

उल्काबाई: ती विमल. ज्वारीत होती माझ्याबरोबर.

भाग्यश्री: ज्वारीत?

उल्काबाई: सांगितलं नाही तिने? तेव्हा कायदा असा, की तीस बायका कामाला असल्या की कारखान्याला पाळणाघर बांधावं लागे. त्यामुळे आख्ख्या पुण्यात कुणाकडेच तीस बायका नसत. जिथे जावं तिथे एकोणतीस. मला वाटायचं, पुणे जिल्ह्यात तिसावी बाई जन्मालाच येत नाही की काय.

भाग्यश्री: आणि बाकीच्या?

उल्काबाई: मी पुढच्या फाटकातून आत शिरले की त्या मागच्या दारातून शेतात. वाघोलीकडे एक गेनबा बोराटे म्हणून होते, पत्र्याचे डबे करायचे. त्यांच्या मागे ज्वारी उभी. दोनदा गेले, दोन्ही वेळा एकोणतीस. तिसऱ्यांदा मी फाटकातून गेलेच नाही. सकाळीच जाऊन ज्वारीत बसले आणि आमच्या शिपायाला पुढून पाठवलं. घटकाभरात मागचं दार उघडलं आणि बायका धावत आल्या त्या थेट माझ्या अंगावर. तुमची विमल सगळ्यात पुढे. मी म्हटलं, या, बसा, जागा भरपूर आहे.

भाग्यश्री: हे नाही सांगितलं कधी. लबाड आहे म्हातारी.

उल्काबाई: तिला हसू आवरेना, म्हणून सगळ्या हसायला लागल्या. गेनबा धावत आले, तर त्यांच्या पन्नास बायका आणि एक सरकारी अधिकारी ज्वारीत बसून हसताहेत. तेही हसले. खटला भरायचा तो भरलाच मी, पण पाळणाघर महिन्यात उभं राहिलं.

भाग्यश्री: मॅडम, एक सांगू? तुम्ही आता जे नाव घेतलं ना, गेनबा बोराटे. त्यांचाच मुलगा आमच्या वसाहतीचा अध्यक्ष आहे. शरच्चंद्र शेठ.

उल्काबाई: शरू?

भाग्यश्री: पाळणाघराचा हॉल त्यांनीच दिला. त्यांना वडलांचं नाव लावायचं होतं. आम्ही म्हटलं, ना. बायकांचं पाळणाघर, बाईचं नाव पाहिजे. या वसाहतीत रस्त्याला पुरुष, चौकाला पुरुष, कमानीवर पुरुष. संडासावर तेवढं बाईचं चित्र आहे. चार महिने भांडलो. सह्या घेतल्या, दोन वेळा काम बंद ठेवलं. शेवटी शेठ म्हणाले, घ्या, तुमच्या उल्काबाई घ्या.

उल्काबाई: हयात आहेत का, हे विचारलं नाही त्याने?

भाग्यश्री: विचारलं. वसाहतीचा नियमच आहे, जित्या माणसाचं नाव द्यायचं नाही. मी म्हटलं, नाहीत. कोणी उलटून विचारलंच नाही.

उल्काबाई: म्हणजे मला तुम्ही मारलंत.

भाग्यश्री: ठरावापुरतं.

उल्काबाई: पाटी झाली का तयार?

भाग्यश्री: फोटो आहे मोबाइलमध्ये. दगड घडवणारा थांबला आहे, खाली तारीख तेवढी बाकी. हे पाहा.

उल्काबाई: चष्मा घेऊ द्या. मोठं करा जरा. कैलासवासी उल्का जोगळेकर पाळणाघर. अक्षर चांगलं आहे हो. सरकारी वाटत नाही.

भाग्यश्री: आवडलं?

उल्काबाई: आवडलं. खोटं कशाला बोलू? चौतीस वर्षं नोकरी केली, माझ्या नावाची एक पाटी आहे, ती या दारावर. तीही सोसायटीने सगळ्यांना सारखी दिली म्हणून.

भाग्यश्री: मग मॅडम, एक करता येईल. परवापर्यंत तुम्ही कोणाला भेटूच नका. फोन घेऊ नका. एकदा पाटी लागली की कोण काढून राहिलं?

उल्काबाई: म्हणजे मी मेलेलीच राहायचं.

भाग्यश्री: थोडे दिवस. तुमच्या जिवाला त्रास काही नाही.

उल्काबाई: खाली मंडईत जाऊ ना? की तेही नाही?

भाग्यश्री: कर्वेनगरात कोण येतं वाघोलीचं? जा तुम्ही बिनघोर.

उल्काबाई: तुम्ही मला आवडलात. बरं, हे चालणार कसं? पाळणाघर.

भाग्यश्री: कसं म्हणजे?

उल्काबाई: किती वाजता उघडणार, किती वाजता बंद, मुलं कुणाची घेणार.

भाग्यश्री: फर्स्ट शिफ्टला. सकाळी सात ते दुपारी साडेतीन. जे परमनंट आहेत त्यांची मुलं.

उल्काबाई: वसाहतीत कायम बायका किती?

भाग्यश्री: थोड्या.

उल्काबाई: थोड्या म्हणजे?

भाग्यश्री: दहातल्या दोन.

उल्काबाई: आणि दुसऱ्या पाळीला?

भाग्यश्री: सेकंड शिफ्टला नाही. नावाचं कबूल केलं तेव्हा शेठ म्हणाले, नाव तुमचं, चालवणार मी. आम्ही म्हटलं, ठीक आहे, पुढचं पुढं पाहू.

उल्काबाई: तुम्हाला मूल आहे?

भाग्यश्री: मुलगी. ईश्वरी. दिवाळीत तीनची होईल.

उल्काबाई: ती येणार का या पाळणाघरात?

भाग्यश्री: मी कंत्राटी आहे जी.

उल्काबाई: म्हणजे नाही.

भाग्यश्री: नाही. सोमवारपासून माझी सेकंड शिफ्ट लागते. नवरा गाडीवर असतो, रात्री येतो. आतापर्यंत शेजारीण पाहायची, ती गावाला गेली. रविवारी भाऊ येणार आहे कारंज्याहून. ईश्वरीला घेऊन जाणार आईकडे.

उल्काबाई: किती दिवस?

भाग्यश्री: शाळेत जाईपर्यंत. दोन वर्षं, तीन वर्षं. आई प्रेमानं पाहील, तसं काही नाही. तुम्ही असं काय पाहून राहिल्या?

उल्काबाई: चार महिने भांडलात, काम बंद ठेवलंत, ते कशासाठी याचा विचार करतेय.

भाग्यश्री: नावासाठी. तुमच्याच.

उल्काबाई: ते कळलं. म्हणून तर राग येत नाहीये. माझी एक पद्धत सांगू? गेनबांनी पाळणाघर बांधलं, तेव्हा मला म्हणाले, बाई, हितं तुमचं नाव लावतो, तुम्हीच आणलं हे. मी म्हटलं, तुमच्या आईचं नाव काय? म्हणाले, सोनाबाई. मी म्हटलं, सोनाबाई लावा. विचारा का.

भाग्यश्री: का?

उल्काबाई: माझी बदली झाली असती, की दुसऱ्या दिवशी उल्का जोगळेकर पाळणाघरात पत्रे रचले असते त्यांनी. आईच्या नावाची खोली माणूस बंद करत नाही. भाऊबंद विचारतात, गाव विचारतं. बायको तर रोजच विचारते. तेव्हापासून मी तेच केलं. पिंपरी, भोसरी, हडपसर, जिथे पाळणाघर, उपाहारगृह, न्हाणीघर करून घेतलं, तिथे मालकाची आई, नाहीतर आजी, नाहीतर सासू. नाव त्यांना, वेळा आणि अटी मला. अर्धं पुणं माझं आहे, फक्त इतरांच्या आयांच्या नावावर.

भाग्यश्री: म्हणजे आम्ही उलटं केलं.

उल्काबाई: शरूने केलं उलटं. हुशार आहे. नाव दिलं आणि पाळणाघर ठेवून घेतलं.

भाग्यश्री: पण मॅडम, असं सगळं आयांच्या आणि बापांच्या नावावर दिलं तर करणाऱ्या बाईचं नाव कुठं राहील? माझी पोरगी मोठी झाली की तिला पण सगळीकडं शेठच दिसतील.

उल्काबाई: हं.

भाग्यश्री: चुकलं का काही?

उल्काबाई: नाही. बरोबर आहे.  पण ईश्वरी मोठी कुठे होणार, कारंज्यात की तुमच्याजवळ, हे रविवारी ठरतंय. लावा शरूला फोन.

भाग्यश्री: आत्ता? काय सांगू?

उल्काबाई: सांगा, मृताच्या घरून बोलतेय.

(भाग्यश्री फोन लावून स्पीकर चालू करते आणि फोन टेबलावर ठेवते.)

शरच्चंद्र: बोला सेक्रेटरीबाई. फोटो गावला का?

भाग्यश्री: शेठ, मी घरी आले आहे त्यांच्या. घरच्यांना बोलायचं तुमच्याशी.

शरच्चंद्र: द्या की. नमस्कार. काय हाय, बाईंच्या कार्याला आमची ही छोटीशी…

उल्काबाई: शरू, मी उल्का जोगळेकर बोलतेय.

शरच्चंद्र: कोण?

उल्काबाई: कैलासवासी.

शरच्चंद्र: ओ, ही चेष्टा कोण करतंय? भाग्यश्रीबाई?

उल्काबाई: चेष्टा नाही. सोनाबाई पाळणाघरात निळ्या चौकड्यांची दुपटी होती. दर सोमवारी मी तपासायला यायचे. तुझ्या वडिलांना मी घातलेली अट होती, की मालकाचं मूलही तिथेच राहील. म्हणून तू तिथे होतास. आणि तू चावायचास.

शरच्चंद्र: आयला.

उल्काबाई: विमलच्या पोराच्या दंडावर अजून खूण असेल बघ.

शरच्चंद्र: मॅडम. तुम्ही हायत?

उल्काबाई: आहे. गुडघे सोडून सगळी आहे.

शरच्चंद्र: अण्णा शेवटपत्तोर तुमचं नाव काढायचे ओ. आम्ही जेवलो नाय की आई म्हणायची, थांब, इन्स्पेक्टरीणबाईला सांगते. मी तर… आणि ह्या बाईनं मला सांगितलं…

उल्काबाई: तिचा अंदाज चुकला, तू तपास केला नाहीस. दोघांचं सारखं. आता ऐक. तुमच्या नियमाने माझं नाव लागत नाही.

शरच्चंद्र: नाय लागत. पण पत्रिका वाटल्या ओ. ठराव झालाय.

उल्काबाई: ठरावात मी मेलेली आहे. तो तसाही टिकत नाही. तू गेनबांचं नाव लाव.

शरच्चंद्र: अण्णांचं?

उल्काबाई: तुला तेच हवं होतं ना?

शरच्चंद्र: हवं व्हतं. पण बायका ऐकतील का? परत काम बंद पाडतील. भाग्यश्रीबाई लई कडक हायत.

उल्काबाई: त्या इथेच आहेत. त्यांना विचार.

भाग्यश्री: शेठ, सेकंड शिफ्ट पाहिजे. आणि कंत्राटी बायकांची मुलं पण.

शरच्चंद्र: असं व्हय. म्हणजे हे ठरवून चाललंय.

उल्काबाई: आत्ताच ठरलं. पाणी पिताना.

शरच्चंद्र: मॅडम, रात्री दहापर्यंत दोन बाया ठेवायच्या, लाइट, वॉचमन. कंत्राटी बायका आज हितं, उद्या तिथं. त्यांची मुलं कशी मोजायची?

उल्काबाई: बाई कंत्राटी असते. मूल कंत्राटी असतं का?

शरच्चंद्र: तसं नाय म्हणत मी.

उल्काबाई: गेनबा बोराटे पाळणाघर, आणि दुपारी साडेतीनला कुलूप. गेनबा दुसऱ्या पाळीला स्वतः उभे असायचे. लोक पाटी वाचतील आणि कुलूप बघतील. गावात काय म्हणतील, ते तू मला सांग.

शरच्चंद्र: आमची मंडळी पहिली बोलंल.

उल्काबाई: बायको शहाणी दिसते.

शरच्चंद्र: पैल्या शिफ्टला सगळी मुलं घेऊ. कंत्राटी, परमनंट, सगळी. दुसऱ्या शिफ्टचं दिवाळीनंतर बघू.

भाग्यश्री: ना शेठ. सोमवारपासून.

शरच्चंद्र: सोमवारी? आज शुक्रवार हाय बाई.

भाग्यश्री: हॉल तयार आहे, पाळणे आले, लाइट आहे. सांभाळायला दोन बाया मी उद्या उभ्या करते. आमच्यातल्याच, ओळखीच्या. तुम्ही फक्त हो म्हणा.

शरच्चंद्र: मॅडम, ही तुमची कोण लागते?

उल्काबाई: तासाभरापूर्वी भेट झाली.

शरच्चंद्र: वाटत नाय.

उल्काबाई: शरू, हो की नाही?

शरच्चंद्र: हो ओ. हो. अण्णांच्या नावानं नाय कसं म्हणू?

उल्काबाई: आता दगडवाल्याचं. दगड उलटा करून पाठीवर गेनबांचं नाव कोरू दे. खाली तारखेसाठी सोडली होती तेवढी जागा आहेच. तिथे कोरायचं, दोन्ही पाळ्या, सर्व कामगारांची मुले.

शरच्चंद्र: दगडात? कागदावर सही देतो की.

उल्काबाई: कागद कपाटात जातो. दगड दारावर राहतो. आणि अण्णांच्या नावाखाली शोभेल.

शरच्चंद्र: अण्णा म्हणायचे, त्या बाईशी व्यवहार केला की जिंकल्यासारखं वाटतं, आणि घरी गेल्यावर कळतं.

उल्काबाई: घरी जाऊन विचार कर मग. पण दगडवाल्याला फोन आत्ता कर.

शरच्चंद्र: करतो. मॅडम, परवा येताल ना? गाडी पाठवतो. अण्णांच्या पाटीचा पडदा तुमच्या हातानं.

उल्काबाई: गाडी पाठव. पडद्याचं बघू.

भाग्यश्री: ठेवला त्यांनी.

उल्काबाई: बंद झाला का नक्की? तुमचे ते स्पीकर चालूच राहतात कधीकधी.

भाग्यश्री: बंद आहे.

उल्काबाई: मग रडा खुशाल.

भाग्यश्री: रडून नाही राहिली मी. हसून राहिली. त्यांचा आवाज ऐकला ना, तुम्ही कैलासवासी म्हणाल्या तेव्हा?

उल्काबाई: चांगला घाबरला. चौतीस वर्षांत मालकाला इतकं घाबरवलं नव्हतं मी. आधी कळलं असतं, तर नोकरीत असतानाच मेले असते एकदा.

भाग्यश्री: थांबा, भावाला फोन करते. तिकीट काढलं असेल त्यानं.

उल्काबाई: करा.

भाग्यश्री: हॅलो, दादा? रविवारी येऊ नको. अरे काही झालं नाही, सगळं बरं आहे. ईश्वरी इथंच राहून राहिली. हो, माझ्याजवळ. आईला सांग. तिला म्हण, लाडू केले असतील तर तेवढे पाठव. …रद्द कर मग. ठेवते.

उल्काबाई: काय म्हणाला?

भाग्यश्री: म्हणाला, आई नाराज होईल. मग म्हणाला, होऊ दे.

उल्काबाई: बायका काय म्हणतील तुमच्या? नाव गेलं म्हणून.

भाग्यश्री: चिडतील. दोघी-तिघी तर मलाच धरतील. मग सेकंड शिफ्टचं सांगेन. तरी विमलाबाई ऐकणार नाहीत. त्या म्हणतील, पाटी काहीही असो, मी उल्काबाईंचंच पाळणाघर म्हणणार.

उल्काबाई: म्हणू दे. शरूसमोर नको.

भाग्यश्री: मॅडम, परवा स्टेजवर तुमची खुर्ची मधोमध लावते. दोन शब्द बोला. सगळ्या बायकांना पाहायचं आहे तुम्हाला.

उल्काबाई: खुर्ची नको. मी आत बसेन.

भाग्यश्री: आत कुठं?

उल्काबाई: पाळणाघरात. असल्या समारंभात सगळे बाहेर भाषणं ऐकत असतात, आणि आत मुलं माइकच्या आवाजाने दचकून रडतात. कुणीतरी आत असावं लागतं. ईश्वरीला आणा सकाळी, मी घेईन.

भाग्यश्री: ती नव्या माणसाकडं जात नाही लवकर. लई वेळ लावते.

उल्काबाई: लावू दे. मला घाई नाही.